उष्टं कशाला म्हणायचं?

दोस्तहो, दुसऱ्यानं वापरून बाजूला टाकलेली वस्तू आपण घ्यावी का?

प्रश्न साधा वाटेल. पण आपल्या घरात जन्मलेल्याला तो साधा नाही. ज्याच्या पणजानं गावची मेलेली ढोरं ओढली, ज्याच्या आजीनं सणाच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन दारोदार शिळ्या भाकरीसाठी हाळी दिली, त्याच्यापुढं कुणी जुनी वस्तू धरली की त्याचा हात आपोआप मागं येतो. त्या हाताला आठवण असते. माझ्या आजीला गावातली बाई जुनेर द्यायची ते हातात नाही, वरून टाकायची. आजीनं पदर पसरायचा आणि झेलायचं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. तिच्या तोंडून ऐकलंय.

आमच्या वस्तीत हा प्रश्न पुन्हा निघाला तो भाकरीवरून नाही, लुगड्यावरूनही नाही. एका जुन्या राऊटरवरून निघाला.

राऊटर म्हणजे इंटरनेटची वायर घरात येते तिच्या टोकाला बसलेली पेटी. एकदोन अँटेना, मागं वायरी खोचायची चारपाच भोकं, पुढं लुकलुकणारे दिवे. आमच्या विहाराच्या पुढच्या खोलीत अशी एक नवी पेटी आहे. तिचं महिन्याचं बिल वस्तीच्या वर्गणीतून जातं. अभ्यासिका मात्र मागच्या खोलीत. मधे दगडाच्या दोन भिंती, वर पत्रा. दगडातून वायफायची लहर थकून जाते, पत्र्यावर आपटून परत फिरते. मग पोरं काय करतात? मागच्या खोलीतली बाकं सोडून पुढच्या उंबऱ्यात दाटीनं बसतात. एकाच्या मोबाईलवर तिघं. आता तुम्ही म्हणाल, मोबाईलचा डेटा स्वस्त आहे. आहे. पण रोजचा ठरलेला असतो, आणि एका घरात एकच मोबाईल असतो, आणि तो बाप कामावर घेऊन जातो.

यावर उपाय माहितीचा होता. पुढच्या पेटीपासून मागच्या खोलीपर्यंत वायर ओढायची आणि तिच्या टोकाला दुसरी पेटी लावायची. तिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. म्हणजे घरात नळ एकच, पण मागच्या अंगणात आणखी एक तोटी. नवी घ्यायला वर्गणीच्या डब्यात पैसे नव्हते.

मी एका सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. तिथल्या एका साहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली. ते म्हणाले, "माझ्याकडं जुना राऊटर पडलाय. घरी नवा बसवलाय. घेऊन जा, तुमच्या पोरांना होईल."

माणूस वाईट नव्हता. पण 'तुमच्या पोरांना' हा शब्द माझ्या कानात राहिला.

रविवारी बैठकीत विषय निघाला आणि दोन तट पडले. एक कार्यकर्ता तावातावानं उठला. म्हणाला, "आपला बाप महाडला काय सांगून गेला? फेकलेले तुकडे वेचू नका म्हणून ना? मग हा तुकडाच आहे. फक्त याला लाईट लागतात." दुसरा म्हणाला, "स्वाभिमान तुझ्या खिशात आहे, पोरांच्या नाही." बराच वेळ हे चाललं. कोपऱ्यात बसलेली बारावीची पोरगी शेवटी म्हणाली, "दादा, माझ्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत परवा संपतीय. तुमचं ठरलं की सांगा."

ती हसली नाही. आम्हीही हसलो नाही.

मी तेव्हापासून या गोष्टीवर विचार करतोय. रातपाळीत साच्यांच्या दोन रांगांमधून येरझाऱ्या घालताना विचार करायला वेळ भरपूर असतो. सूत तुटलं की सांधायचं आणि पुढं चालायचं. तसाच हा विचार तुकड्या-तुकड्यानं सांधलाय. तो तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट, आमचा तो कार्यकर्ता चूक बोलला नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, टाकलेले तुकडे खाणं सोडायला सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी त्यानंतर, दुसऱ्या दिवशी. हा क्रम लक्षात घ्या. आधी नकार, मग पाणी. ज्याला नको म्हणता येत नाही त्याला हक्कही मागता येत नाही, हे त्या क्रमातच आहे.

पण याच बाबासाहेबांनी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना जुन्या पुस्तकांची खरेदी केली. चरित्रकार सांगतात की ती पुस्तकं दोन हजारांच्या घरात गेली. पोटाला चिमटा घेऊन केलेली खरेदी. ती पुस्तकं कुणीतरी आधी वाचलेली होती. एखाद्या पानावर कुणाची खूण असेल, कुणाचं नाव असेल, कुणाच्या बोटाचा डाग असेल. ती उष्टी होती का? कुणी म्हणेल का, की बाबासाहेबांनी गोऱ्यांचं जुनेर पांघरलं?

म्हणजे वापरलेलं ते सगळं उष्टं, असं नाही. मग उष्टं म्हणजे काय?

याचं उत्तर मला आमच्याच धंद्याच्या इतिहासात सापडलं. मुंबईच्या कापडगिरण्यांत जुन्या काळी आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नव्हते. कारण काय? मागावर धोट्यातलं सूत संपलं की नवी बाबीन घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. तोंड लागलं म्हणजे थुंकी लागली. बाकीचे कामगार म्हणायचे, यांचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. म्हणून आपली माणसं रिंग खात्यात. पगार कमी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

आता नीट बघा. धोटा एकच. पाळी बदलली की तो दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणजे विणाई खात्यातला प्रत्येक जण रोज कुणाचं ना कुणाचं उष्टं तोंडात घेतच होता. त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती फक्त आमच्या थुंकीला. म्हणजे उष्टेपण थुंकीत नव्हतं, धोट्यात तर नव्हतंच. ते माणसाच्या जन्मावर चिकटवलेलं होतं. वस्तू बिचारी काय करणार? तिला जात सांगितली तरी ती ऐकायची नाही.

मग शिळी भाकरी उष्टी का? शिळी आहे म्हणून नाही. माझी आई रातची भाकरी सकाळी चहाबरोबर खाते, ती उष्टी नसते. गावातली ती भाकरी उष्टी, कारण ती नको म्हणायची सोय नव्हती. गावकीची कामं करायची ती हक्कानं करून घेतलेली, आणि मोबदला मिळायचा तो भीक म्हणून. मजुरी असून भिकेच्या रूपानं दिलेली. नको म्हटलं तर गाव वाळीत टाकणार, किंवा मारणार. १९५८ च्या कायद्यानं ती कनिष्ठ वतनं मोडली, पण तोवर किती पिढ्यांच्या पदरात ती पडली होती!

म्हणून मी माझ्यापुरती व्याख्या केली. नाकारता येत नाही ते उष्टं. जे नाकारल्यावर आपल्या पोटावर, पाठीवर किंवा कामावर काही येतं, ते सोन्याचं असलं तरी उष्टं. आणि जे आपण सरळ मान ठेवून नको म्हणू शकतो, ते जुनं असेल, पिवळं पडलेलं असेल, तरी उष्टं नाही.

आता हा राऊटर या मापानं मोजा. आम्हाला नको म्हणता आलं असतं का? आलं असतं. साहेबांनी तो भंगारात टाकला असता, बस. पण एक बारीक गाठ होती. तो साहेब माझ्या खात्याचा होता. उद्या त्यानं म्हटलं, "आज डबल पाळी कर, राऊटर दिला ना तुला?" तर? तोंडानं म्हणणार नाही कदाचित. पण मीच माझ्या मनात म्हणेन, आणि मान खाली जाईल. ती गाठ सोडवली पाहिजे होती. मग बैठकीनं ठरवलं, भंगारवाला जो भाव देईल तो साहेबांना द्यायचा. भंगारवाल्याला विचारलं. तो म्हणाला, वीस रुपये. दुसऱ्या दिवशी मी वीसची नोट साहेबांपुढं ठेवली. ते हसले. "अरे, हे कशाला?" मी म्हटलं, "संस्थेच्या वहीत खर्च दाखवायचा असतो, साहेब." त्यांनी घेतले. वहीत लिहिलं: जुना राऊटर, एक, रुपये वीस.

वीस रुपयांनी काही शुद्ध झालं असं मी म्हणत नाही. आपला शुद्धीवर विश्वासच नाही. चवदार तळ्याचं पाणी आपण प्यायल्यावर त्यांनी घागरींनी शेण-गोमूत्र ओतून ते शुद्ध केलं होतं, तो धंदा त्यांचा. वीस रुपयांनी एवढंच झालं, की देणारा आणि घेणारा एका पातळीवर आले. वरून टाकायला आणि पदर पसरायला जागा राहिली नाही.

आणि समजा आम्ही ताठ मानेनं नाकारला असता, तर तो गेला कुठं असता? हाही विचार करा. टाकलेली पेटी हवेत विरत नाही. ती भंगारात जाते. तिथं कुणीतरी ती फोडतो, वायरी जाळून तांबं काढतो, तो धूर छातीत घेतो. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ साली आले, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नियमात नोंदणी केलेले कारखाने आहेत, कंपन्यांवर जबाबदारी आहे. पण कुठल्याही शहराच्या कडेला जाऊन बघा, कचऱ्याच्या ढिगावर वाकलेल्या पाठी कुणाच्या आहेत. आमचा स्वाभिमानी नकार शेवटी आमच्याच भावाच्या फुप्फुसात उतरला असता. चालणारं यंत्र फोडायला धाडण्यापेक्षा चालवणं हेही नीतीचंच काम आहे.

तरी एक लक्ष्मणरेषा, म्हणजे आपल्या भाषेत एक हद्द, आखलीच पाहिजे. काही पेट्या इतक्या जुन्या असतात की त्यांना वायफायचं धड कुलूपच घालता येत नाही. डब्ल्यूईपी नावाचं जुनं कुलूप आता पोरंटोरं मोडतात. पेटी निदान डब्ल्यूपीए-२ कुलूप मानत असेल तरच घ्यायची. कंपनीनं तिच्या दुरुस्त्या देणं बंद केलं असेल तर ती बाहेरच्या जगाच्या तोंडावर, पहिल्या दारात ठेवायची नाही. आतल्या खोलीत, नव्या पेटीच्या पाठीमागं ठेवली तर धोका कमी, पण अजिबात नाही असं नाही. फुकट मिळतंय म्हणून धोक्याचं घेणं आणि 'आपल्या पोरांना एवढं चालतं' म्हणणं, हे मात्र खरं उष्टं. ते दुसऱ्यानं दिलेलं नसतं. आपणच आपल्याला वाढलेलं असतं.

आता पेटी घरात आली. पुढं काय?

तिच्या मागं टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. वीज चालू ठेवून त्यात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरायचं. दिवे एकदम विझतात, पुन्हा लागतात. पेटी कोरी होते. आमच्या पेटीत वायफायचं नाव म्हणून साहेबांचं आडनाव होतं. आमच्या खोलीत ती लावली असती तर पोरांच्या मोबाईलवर रोज ते आडनाव उमटलं असतं, की अमक्याच्या कृपेनं शिका. दहा सेकंदांत ते गेलं. नवं नाव घातलं, 'अभ्यासिका'. कुणाच्या घराण्याचं नाही, कुणा पुढाऱ्याचंही नाही. पेटी चालवायचा आतला पासवर्ड असतो तोही बदलला, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड सगळ्या गावाला माहीत असतो.

मला त्या टाचणीचा हेवा वाटला. माणसाला असं भोक असतं तर! दहा सेकंद दाबायचं आणि हजार वर्षांचं साचलेलं जायचं. पण विचार केला, तर नसलेलंच बरं. पेटी दुसऱ्याच्या हातानं कोरी होते. आज मी केली, उद्या आणखी कुणी करील आणि आमचं नाव पुसून त्याचं घालील. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी जुनं पुसलं ते स्वतःच्या तोंडानं प्रतिज्ञा म्हणून पुसलं. म्हणून ते दुसऱ्याला परत लिहिता येत नाही.

यंत्राच्या पोटात काय आहे हे बघायचा हक्क कुणाला, हा वादही या पेट्यांनी जगात लढवलाय. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसची डब्ल्यूआरटी ५४ जी नावाची पेटी बाजारात आली. आत लिनक्स चालत होतं, हे लोकांनी शोधून काढलं. लिनक्सचा परवाना असा, की ज्याच्या हातात ते पडेल त्याला त्याचा मूळ मजकूर मागायचा हक्क आहे. लोकांनी तो मागितला. २००३ साली कंपनीला तो खुला करावा लागला. त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. कंपनीनं सोडून दिलेल्या कितीतरी जुन्या पेट्यांना त्यामुळं नवं आयुष्य मिळालं. ज्यांच्या कानात वेद पडला तर शिसं ओता असं लिहिलं होतं, त्या आपल्याला ही गोष्ट जास्त कळायला पाहिजे. मजकूर बंद ठेवणारा वस्तू विकतो, पण मालकी सोडत नाही.

आता खरी गंमत. राऊटर दोन कामं करतो. एक, पत्ते वाटतो. जो मोबाईल येईल त्याला आकड्यांचा एक पत्ता देतो. पत्ता नाही तर प्रवेश नाही. या खात्याला डीएचसीपी म्हणतात. दुसरं काम, निरोप पोचवणं. आता एका घरात पत्ते वाटणारे दोन झाले तर काय होतं? दोघं आपापल्या मर्जीनं वाटतात. एकच पत्ता दोघांना जातो, दोघांचंही बंद पडतं. किंवा पोरगं चुकीच्या दाराकडं पाठवलं जातं आणि तिथं आत काहीच नसतं. म्हणून जुन्या पेटीला ॲक्सेस पॉइंट करायचं तर तिचा पत्ते वाटायचा अधिकार काढून घ्यायचा. काम असं. संगणक तिला वायरीनं जोडून तिचं पान उघडायचं. पुढच्या पेटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर हिला १९२.१६८.१.२ द्यायचा, म्हणजे घराणं एक, दार वेगळं. तो पत्ता पुढच्या पेटीच्या वाटपाच्या यादीत नसावा. मग डीएचसीपी बंद. पुढच्या पेटीकडून आलेली वायर हिच्या वेगळ्या रंगाच्या वॅन भोकात घालायची नाही, साध्या लॅन भोकात घालायची. वॅनमध्ये घातली तर ही घरात वेगळं घर मांडून बसते. दोघींचे चॅनेल वेगळे ठेवायचे, एकीला १ तर दुसरीला ६ किंवा ११, म्हणजे एकमेकींच्या बोलण्यात बोलणार नाहीत. काही पेट्यांत 'ॲक्सेस पॉइंट' असं बटणच असतं, ते दाबलं की यातलं बरंच आपोआप होतं. वायर शंभर मीटरपर्यंत चालते. आमची त्याच्या निम्मीही नव्हती. पाच वॅटची पेटी दिवसरात्र चालली तर महिन्याला साडेतीन-चार युनिट वीज.

हे करताना आमचा तो तावातावानं बोलणारा कार्यकर्ता शेजारी बसला होता. डीएचसीपी बंद केलं तसा म्हणाला, "म्हणजे शूद्रच केलास की त्याला! अधिकार काढला, सेवा ठेवली."

खोलीत सगळे हसले, पण ते वाक्य हसण्यावारी न्यायचं नाही. मनूनं हेच तर केलं. सेवा यांच्याकडं, अधिकार त्यांच्याकडं. मग आपण यंत्रावर तीच व्यवस्था लादतोय का?

माझं उत्तर असं. सेवा करण्यात पाप नाही. मी रात्रभर सूत सांधतो, ती सेवाच आहे, तिच्यातून तुमच्या अंगावरचा सदरा होतो. पाप हे, की कुणी काय करायचं ते आईच्या पोटातच ठरलं, आणि ते कधी बदलायचंच नाही. जातीनं कामं वाटली नाहीत, माणसंच वाटून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच उकलून दाखवलं. या पेटीचं तसं नाही. ती कालपर्यंत मालक होती, आज सोबतीण आहे. उद्या पुढची पेटी जळाली तर टाचणी लावायची, वायर हलवायची, ही पुन्हा पहिल्या दारात उभी. काम जन्मावर नाही, गरजेवर. आणि पुढची पेटी पत्ते वाटते म्हणून मोठी झाली का? ती बंद पडली तर मागची आंधळी, आणि मागची नसेल तर पोरं उंबऱ्यात. दोघींच्या मधे वायर आहे, उतरंड नाही.

उलट, या गोष्टीतून शिकायचं आपणच आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. त्याचे आज गट किती, मोजायला बोटं पुरत नाहीत. १९७२ साली पँथर उठली, १९७४ साली फुटली. का? एका घरात पत्ते वाटणारे किती झाले! प्रत्येकाचं म्हणणं, माझ्याकडून पत्ता घे, नाहीतर तू आंबेडकरवादी नाहीस. पोरगं बिचारं एकाच पत्त्यावर दोघांना धडकतं, किंवा जिथं काहीच नाही अशा दाराकडं पाठवलं जातं. जुना पुढारी टाकाऊ नसतो. त्याची पोच अजून असते, गल्लीबोळात त्याचा आवाज जातो. त्यानं फक्त पत्ते वाटायचं सोडावं आणि मागच्या खोलीत जाऊन उजेड द्यावा. पण त्याला टाचणी कोण लावणार? ते त्याचं त्यालाच करावं लागतं. ही आपल्या चळवळीतली सगळ्यात अवघड सेटिंग आहे.

शेवटचा प्रश्न पासवर्डचा. आमची बैठक त्यावर पहिल्यापेक्षा जास्त तापली.

वायफाय ज्या हवेतून जातं, त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला आपल्या देशात २००५ पासून परवाना लागत नाही. ठरलेल्या ताकदीच्या आत कुणीही वापरावा. म्हणजे कायद्यानं तो सार्वजनिक पाणवठाच आहे. पण कायद्यानं खुलं आणि खरोखर खुलं यात किती अंतर असतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं, आणि ओंजळ तोंडाला लागायला १९२७ उजाडलं. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ चा. हवा खुली आहे, पण पेटी पाहिजे, वायर पाहिजे, महिन्याचं बिल पाहिजे. २०१९ साली केरळच्या उच्च न्यायालयानं सांगितलं, की इंटरनेट वापरता येणं हे शिक्षणाच्या हक्कात येतं. निकाल मोठा. पण निकाल भिंतीतून आत येत नाही. तो कुणीतरी वायर ओढून आणावा लागतो.

मग पासवर्ड ठेवायचा का? एक म्हणाला, पाणवठ्याला कुलूप कसलं, उघडं ठेवा. दुसरा म्हणाला, कनेक्शन विहाराच्या नावावर आहे. रस्त्यावरच्या कुणी त्यावरून काही भलतंसलतं टाकलं, तर पोलीस आधी कुणाच्या दारात येतील? हे खरं होतं. आपल्या दारात पोलीस यायला कारण लागत नाही, इथं तर आयतं कारण. तिसरा म्हणाला, पासवर्ड ठेवा, पण फक्त आपल्या पोरांना द्या. वर्गणी आपली, पेटी आपली. पलीकडच्या गल्लीतली पोरं कालपर्यंत आपल्या विहाराकडं तोंड फिरवून जात होती, आता नेट आलं तर दादा-दादा करत येतील.

मी म्हटलं, कुलूप आणि विटाळ यात फरक करा. कुलूप विचारतं, तू नियम पाळणार का? विटाळ विचारतो, तुझा बाप कोण? कुलूप लावायचा आपल्याला हक्क आहे. विटाळ पाळायचा नाही, कारण तो कुणालाच नाही. ज्या दिवशी आपण पासवर्ड देताना आडनाव विचारू, त्या दिवशी तळ्याच्या काठावर काठी घेऊन आपण उभे. आणि काठी आपल्या हातात आली म्हणून ती काठी चांगली होत नाही.

शेवटी ठरलं ते असं. पासवर्ड खोलीच्या आतल्या फळ्यावर लिहायचा. जो आत येऊन बाकावर बसेल, वहीत नाव लिहील, त्याला तो दिसेल. कुठल्याही गल्लीचा असो. एक तारखेला पासवर्ड बदलायचा. नियम सगळ्यांना सारखे, आमच्या समितीच्या पोरांनाही. पलीकडच्या गल्लीतले दोघं पहिल्या आठवड्यात आले. चपला बाहेर काढून भिंतीजवळ अवघडून बसले. त्या अवघडण्याची मजा घ्यायची नाही, असं मी मनाला बजावलं. बारावीच्या पोरीचा फॉर्म त्याआधीच मुदतीत गेला होता. पुढच्या उंबऱ्यात बसून.

आता एक गोष्ट राहिली. ती तुमच्यासाठी. आज आपण घेणारे आहोत. उद्या देणारे होणार आहोत. होतोच आहोत. वर्गणी जमली की आपण नवी पेटी घेऊ, आणि ही जुनी कुणाला तरी देऊ. ओढ्यापलीकडं पारध्यांची पालं आहेत. त्यांची पोरं शाळेत जायला लागलीत. त्यांना देताना आपण कसं देणार? वरून टाकणार? 'तुमच्या पोरांना होईल' म्हणणार?

माझं म्हणणं आहे, देण्याआधी टाचणी लावून आपलं नाव आपण पुसावं. अडॅप्टर त्याच व्होल्टचा, चालू असलेला द्यावा. डीएचसीपी कुठं बंद करायचं आणि पुन्हा कुठं चालू करायचं, हे दोन्ही शिकवावं. एकच शिकवलं तर तो गुलाम राहतो. मग त्यांनी वीस रुपये दिले तर मुकाट घ्यावेत. आणि ते नको म्हणाले तर तोंड वाकडं न करता पेटी उचलून परत यावं. दुसऱ्याला नको म्हणता येईल असं जो देतो, त्याच्या हातून उष्टं जात नाही.

जय भीम.